मोठ्या व्हीसी फंडाकडून पैसे घेताना : माझा अनुभव

स्टार्टअपसाठी व्हीसी (व्हेंचर कॅपिटल) फंडाकडून पैसे उभारताना पहिला फोन येतो तो बहुतेक असोसिएटचा, म्हणजे फंडातल्या कनिष्ठ माणसाचा. प्रश्न नेमके, उत्साह भरपूर, पण होकार द्यायचा अधिकार त्याला नसतो. त्याच्यावर प्रिन्सिपल, मग पार्टनर, आणि निर्णय इन्व्हेस्टमेंट कमिटीत. म्हणून दुसऱ्या भेटीतच मी विचारायचो, "कमिटीपुढे आमची बाजू मांडणारा पार्टनर कोण?" नाव मिळेपर्यंत ग्राहकनिहाय आकडे द्यायचे नाहीत.

दुसरा प्रश्न, पैसा कुठल्या फंडातून येणार आणि त्याचं कितवं वर्ष चालू आहे? पैसा मुख्यतः पेन्शन फंड, विद्यापीठं, श्रीमंत घराणी अशा एलपींचा, म्हणजे फंडात पैसे घालणाऱ्यांचा असतो. फंडाची मुदत साधारण 10 वर्षं, चालवणाऱ्यांची वार्षिक फी 2 टक्क्यांच्या आसपास, नफ्यात त्यांचा वाटा बहुधा 20 टक्के. पाचव्या वर्षातला फंड आत आला, की हिस्सा विकून बाहेर पडायची घाई त्याला लवकर लागते. पाटीवरच्या नावावर जाऊ नये. सिकोया या बड्या व्हीसी फंडाने 2021 मध्ये अमेरिकेत मुदतच नसलेला फंड काढला आणि 2023 मध्ये भारताचा कारभार वेगळा करून त्याला पीक एक्सव्ही नाव दिलं.

टर्मशीटवर (गुंतवणुकीच्या अटींच्या मसुद्यावर) सगळे व्हॅल्युएशनवर, म्हणजे कंपनीच्या किमतीवर भांडतात, चोरवाट असते ईसॉप पूलमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखलेल्या शेअर्समध्ये. समजा प्री-मनी (गुंतवणुकीआधीचं मूल्य) 40 कोटी, गुंतवणूक 10 कोटी. पोस्ट-मनी (नंतरचं मूल्य) 50. पूल गुंतवणुकीनंतरच्या भांडवलाच्या 10 टक्के आणि तो "प्री-मनीत धरलेला" असेल, तर 5 कोटी जुन्या भागधारकांच्या वाट्यातून जातात. खरं मूल्य 35. आम्ही पुढच्या दीड वर्षाची भरती पदवार मांडली, तेव्हा पूल खाली आला. नुसतं "जास्त आहे" म्हणून कोणी ऐकत नाही.

लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली गेल्यास फंडाला आधी पैसे मिळायचा हक्क, तोही आकड्यांनीच तपासावा. त्याच 20 टक्क्यांवर कंपनी 30 कोटींना विकली, तर नॉन-पार्टिसिपेटिंगमध्ये (गुंतवलेली रक्कम किंवा हिस्सा, जे जास्त ते) फंडाला 10 कोटी. पार्टिसिपेटिंगमध्ये आधी 10, वर उरलेल्या 20 कोटींचे 20 टक्के, म्हणजे 14.

खरी सत्ता मात्र रिझर्व्ह्ड मॅटर्सच्या यादीत. हिस्सा 20 टक्के, पण नवे शेअर, कर्ज, बजेट, वरिष्ठांची नेमणूक, सगळ्याला फंडाची लेखी संमती. कलमं काढून टाका म्हटलं तर बोलणी अडतात. रकमेची मर्यादा घाला आणि 10 दिवसांत उत्तर न आल्यास संमती धरावी असं लिहून घ्या, हे पुष्कळदा मान्य होतं.

अँड्रीसन हॉरोविट्झ या अमेरिकी व्हीसी फंडाने 2009 पासून, पैसे गुंतवलेल्या कंपन्यांची भरती, प्रसिद्धी, ग्राहकांच्या ओळखी यांसाठी वेगळी माणसं ठेवायची पद्धत रुळवली. उपयोग होतो, नाही असं नाही. पण मोठ्या फंडाने सीडला (अगदी सुरुवातीच्या राउंडला) छोटा चेक दिला आणि पुढच्या राउंडला हात आखडला, तर बाकीचे गुंतवणूकदार लगेच विचारतात, "त्यांना काय दिसलं?" लहान फंडाच्या नकाराचा एवढा बोभाटा होत नाही.

सह्या झाल्या म्हणजे पैसे वापरायला मिळाले असं नाही. सीसीपीएसची (पुढे सक्तीने इक्विटीत बदलणाऱ्या प्रेफरन्स शेअर्सची) रक्कम वेगळ्या बँक खात्यात येते, 60 दिवसांत शेअरवाटप, म्हणजे अ‍ॅलॉटमेंट, त्यानंतर 15 दिवसांत पीएएस-3 हा वाटपाची माहिती देणारा सरकारी फॉर्म. तो भरेपर्यंत रकमेला हात लावता येत नाही. परदेशी पैसा असेल तर अ‍ॅलॉटमेंटपासून 30 दिवसांत एफसी-जीपीआर हा रिझर्व्ह बँकेचा फॉर्म. इथे घोडं अडतं ते केवायसीवर. पाठवणाऱ्याचं नाव करारातल्या नावाशी अक्षरशः जुळलं नाही तर फॉर्म परत येऊ शकतो, म्हणून रक्कम निघण्यापूर्वीच ते नाव बँकेकडून तपासून घ्यावं.