तुम्ही विचारलंत म्हणून: कॅम्पिंगला कॉफी कशात करायची?

दिवाळी उरकली, पुण्यात सकाळी जरा गार वाटायला लागलं की हा प्रश्न मला येतोच. ऑफिसच्या ग्रुपवर येतो, लिफ्टमध्ये येतो, परवा तर कोथरूडला भाजी घेताना ओळखीच्या एका काकूंनी गाठलं, "अगं, आमचा मुलगा आणि सून पवनेला टेंटमध्ये राहायला चाललेत, त्यांना कॉफी मेकर गिफ्ट द्यायचाय, तू नेहमी जातेस ना, कुठला देऊ?" मी विचारलं, जाणार किती जण आणि भांडी कोण घासणार? काकूंना वाटलं मी विषय टाळतेय.

टाळत नव्हते हो. घरी नळ सोडला की झालं, पण गडावर पाणी म्हणजे टाक्यातून शेंदून आणलेलं नाहीतर पाठीवर वाहिलेलं, आणि पवनेला गाडी नेलीत तरी सोबतचा कॅन संध्याकाळपर्यंत तळाला जातोच. त्यामुळे चव वगैरे सगळं नंतर, आधी बघायचं की हे भांडं धुवायला किती पाणी पितं. फ्रेंच प्रेस, म्हणजे पावडर गरम पाण्यात भिजवून वरून जाळी दाबायचा तो उभा जार, इथेच बाद होतो. तळाला जो चोथा बसतो तो दोनदा खळबळून पण निघत नाही, एक अख्खी बाटली त्यातच जाते, आणि माझा तर काचेचा होता, ताम्हिणीच्या वळणांवर डिकीत फुटला आणि मग पुढचे दोन दिवस स्वेटर झटकून झटकून घालत होतो. स्टीलचेही मिळतात, पण तेवढं वजन न्यायचं तर मी छोटा कुकर नेईन, निदान खिचडी तरी होईल.

मोका पॉट. याच्यावर माझा जीव आहे आणि रागही. दिसतो इतका गोड की दुकानातून उचललाच जातो, इटलीत 1933 साली अल्फोन्सो बियालेत्ती यांनी आणला, तो अष्टकोनी आकार तेव्हापासूनचा. खालच्या भांड्यात पाणी, मधे पावडर, पाणी तापलं की वाफेच्या दाबाने ते पावडरीतून वर चढतं, बास. मी घेतला तेव्हा खोक्यावर '3 कप' होतं आणि आम्ही पवनेला सात जण होतो, म्हटलं दोन-तीनदा लावू. आता हा कप इटालियन कप असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तीन कप मिळून जेमतेम 150 मिली! सगळ्यांना वाटून झाल्यावर मामेभाऊ पेल्यात बघून म्हणाला, "ताई, तीर्थ देतेयस का?" अजून ऐकवतो, लग्नकार्यात सुद्धा.

तरी मी तो राजमाचीला नेलाच. तिथे गावात ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या अंगणातल्या चुलीवर ठेवला, मोठ्या हौशीने, आणि कॉफी वर यायच्या आत दांडा वितळून खाली लोंबायला लागला. दांडा प्लास्टिकचा, चुलीचा जाळ बाजूने वर येतो, हे आधी सुचायला हवं होतं, नाही सुचलं. घरातल्या मावशींनी काही न बोलता चहाचं आधण ठेवलं. तर मोका घ्यायचाच असेल तर गॅसच्या छोट्या स्टोव्हवरच, बारीक आचेवर, तळ लहान असतो म्हणून डगमगणार नाही असं बघून, पाणी आतल्या व्हॉल्व्हच्या खालीच, आणि गुरगुर सुरू झाली की लगेच खाली. दोघांना दुधात घालून मस्त पुरते. आणि बहुतेक मोका अ‍ॅल्युमिनियमचे असतात, राखेने खसाखसा घासू नका.

एकटे किंवा दोघं असाल, सॅक पाठीवर असेल, तर एरोप्रेस, पुढे विचारच नको. अ‍ॅलन अ‍ॅडलर नावाच्या अमेरिकन माणसाने 2005 मध्ये आणला, त्याने आधी लांबच लांब उडणारी खेळायची रिंग काढली होती, म्हणजे मूळ धंदा खेळण्यांचा, आणि दिसतोही तसाच, इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजसारखा, तळाला कागदी गाळणी, आत पावडर आणि गरम पाणी घालून दांड्याने मगात दाबायचं. प्लास्टिकचा आहे, 200 ग्रॅमच्या आसपास, पडला तरी काही होत नाही. पण खरी गंमत शेवटी. दाबून झालं की चोथ्याची घट्ट चकती होते, ती कचऱ्याच्या पिशवीत टकदिशी सोडायची आणि रबर पुसून घ्यायचं, घोटभर पाण्यात काम झालं. पिशवी अर्थात घरी आणायची, चोथा टाक्याशेजारी नको. फक्त पावडर फार बारीक नको, दाबताना घाम फुटतो. आणि एका वेळी एकच मग होतो, सहा जण रांगेत उभे राहिले तर तुम्ही सूर्योदय बघितलाच नाही असं समजा.

सहकुटुंब, गाडीने, चार-सहा जण? मग साधा साउथ इंडियन स्टीलचा फिल्टर. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, त्यांना काहीतरी नवीन ऐकायचं असतं. अहो पण फुटत नाही, वितळत नाही, कागद लागत नाही, तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत सहज मिळतो. चिकोरीवाली पावडर घ्यायची, वरच्या भोकांच्या भांड्यात चकतीने हलकेच दाबायची, उकळतं पाणी ओतून झाकण लावायचं आणि विसरायचं. पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात टेंटचे खुंटे ठोकून होतात. मी तर रात्रीच डिकॉक्शन, म्हणजे खालच्या भांड्यात ठिबकणारी दाट कॉफी, पाडून ठेवते, सकाळी फक्त दूध तापवायचं, डिकॉक्शन उकळायचं नाही, कडू होतं. दूध टेट्रापॅकचं किंवा पावडरचं न्या, पिशवीचं गाडीत नासतं. आणि वर जायफळ. काही लोक नाकं मुरडतात, मुरडू देत, आमच्या घरी कॉफी म्हणजे जायफळाचीच.

उंचीवर पाणी नीट उकळत नाही मग कॉफी कच्ची राहील का, असंही विचारतात. साधारण दर 300 मीटरला उकळबिंदू एक डिग्रीने उतरतो, म्हणजे हरिश्चंद्रगडावर, 1400 मीटरच्या आसपास, पाणी 95 डिग्रीला उकळतं. कॉफीला तेवढंच हवं असतं. भाताची काळजी करा.

काकूंनी शेवटी फिल्टरच दिला, बोहरी आळीतून आणलेला, सोबत अर्धा किलो पावडर आणि एक अख्खं जायफळ. किसणी द्यायची राहिली. पोरांनी म्हणे जायफळ टेंटच्या खुंट्याने दगडावर ठेचलं.