परड्यातली सुतारशाळा

घरातली सुतारशाळा सुधारायची म्हटले की आधी यंत्राचा विचार येतो आणि जागेचा विचार यंत्र दारात उतरल्यावर सुरू होतो. बेळगावातल्या अनगोळमधील आमच्या कौलारू घराच्या परड्यातल्या खोलीत गोल करवत येणार हे कळल्यावर गल्लीतले एक वयस्क मिस्त्री पाहायला आले. त्यांनी चहा पिता पिता खोलीभर नजर फिरवली आणि एवढेच विचारले, "मशीन घेतलासा, खरं फळी फिरवणार कुठं?" प्रश्न रास्त होता. प्लायवुडचा पूर्ण तक्ता 8 फूट बाय 4 फूट असतो आणि तो पात्यातून आरपार जायचा तर पात्याच्या अलीकडे आणि पलीकडे प्रत्येकी 8 फूट मोकळे हवेत. आमच्या खोलीत ते गणित बसणे शक्य नव्हते, म्हणून करवतीचे टेबल दाराच्या रेषेत आणले. आता कापलेला तक्ता सरळ परड्यात निघतो. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमधून चाकांचा लोखंडी स्टँड वेल्ड करून आणल्यामुळे काम संपल्यावर ते टेबल भिंतीकडे ढकलता येते.

मात्र आमच्या भागात मांडणी ठरवण्याचा खरा अधिकार पावसाचा. सह्याद्रीचा घाटमाथा जवळ असल्यामुळे जुलैत दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, कालपर्यंत लखलखणाऱ्या पटाशीवर तांबेरा चढतो आणि एप्रिलमध्ये सुळसुळीत सरकणारा खण ओढूनही हलत नाही. लाकूड हवेतला ओलावा घेऊन आडवे फुगते, लांबीत मात्र जवळजवळ वाढत नाही. त्यातही वाढवलयांच्या रोखाने ते जितके फुगते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीच्या दिशेने फुगते. म्हणूनच वलयांच्या रोखाने चिरलेली रुंद फळी वाकडी होते. सागाचा यात मोठा आधार वाटतो, कारण तो इतर पुष्कळ लाकडांच्या मानाने कमी हलतो. त्याच्या अंगात वाळूचा अंश असल्यामुळे तो हत्यारांची धार लवकर खातो, ही त्याची किंमत. हे सगळे लक्षात घेऊन पश्चिमेची, झड लागणारी भिंत रिकामी ठेवली आणि फळ्या आतल्या भिंतीवरच्या लोखंडी हातांवर, मधे पातळ पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचल्या. जुनी घरे पाडताना निघणाऱ्या सागवानी तुळया आणि वासे मला नव्या लाकडापेक्षा अधिक आवडतात; फक्त त्यांच्यात दडलेला एखादा खिळा करवतीचे पाते खराब करतो, म्हणून दारापाशीच एक लोहचुंबक टांगला आहे. त्याच्याखालून गेल्याशिवाय कोणत्याही जुन्या लाकडाला आत प्रवेश नाही.

सगळ्यात चांगला खर्च झाला तो पाहुण्यांना न दिसणारा. 2 अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारे 1,500 वॅट; 230 व्होल्टवर ती चालताना साडेसहा अँपिअरहून अधिक वीज घेते आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट ओढते. घरातल्या पंख्यादिव्यांच्या वायरीवर हा भार टाकणे शहाणपणाचे नव्हते, म्हणून मीटरपासून जाड तारेची वेगळी लाइन, 16 अँपिअरचा सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी बसवून घेतला. तीच गोष्ट धुळीची. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली लाकडाच्या धुळीला कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. जमिनीवर पडणारा भुसा निरुपद्रवी दिसतो. अपाय करते ती हवेत तरंगणारी बारीक पूड, आणि खराट्याने झाडले की आपण तीच पुन्हा उडवतो. आता करवतीला धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राची नळी जोडली आहे आणि यंत्राचे पिंप बाहेर पडवीत ठेवले आहे.

हत्यारांसाठी भिंतीवर तिरक्या कापाच्या पट्ट्या मारल्या, ज्यांत फडताळे अडकतात आणि मनात येईल तेव्हा उचलून दुसरीकडे लावता येतात. प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा भिंतीवर रंगवून ठेवण्याची हौस काही जणांना असते. मला ती जरा दिखाऊ वाटते. रंधा, गुण्या आणि पटाशा खिडकीलगतच्या कामाच्या बाकापाशी आल्या, कारण बाजूने येणाऱ्या उजेडात रंध्याचे वळ जितके स्पष्ट दिसतात तितके डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत.

हे सारे खंडेनवमीच्या आत आटोपायचे ठरले होते, कारण त्या दिवशी हत्यारे एरवीही पुसूनच मांडावी लागतात. आटोपले नाही ते तुकड्यांचे प्रकरण. हातभराहून लहान साधे लाकूड न्हाणीघरातल्या बंबात जाईल, प्लायवुड आणि सनमायका मात्र त्यांतल्या डिंकामुळे कधीही जाळायचे नाहीत, असा नियम मीच केला. पण शिसवीचा वीतभर तुकडा बंबात घालायला मन धजत नाही. त्याच्यासाठी वेगळी पेटी केली आणि ती भरल्यावर दुसरी केली. बायकोने परवा विचारले की या पेट्यांसाठी आता आणखी एक खोली बांधायची आहे का. मी पश्चिमेच्या रिकाम्या भिंतीकडे पाहिले, तेव्हा तिने पावसाची आठवण करून दिली.