पाण्याचा चौकोन हिरवा होता

पूर ओसरून चौथा दिवस होता. छावणीत माझं काम सामान वाटायचं नव्हतं, तक्ता भरायचं होतं. माणसं किती, त्यांना काय लागतं, आपल्याकडं काय आहे आणि कमी किती पडतंय. ऐकायला शाळेतली वजाबाकी वाटते, मलाही तोवर तसंच वाटायचं.

रजिस्टरला १,२०० माणसं, म्हणजे धरा २४० कुटुंबं. पाण्याला आम्ही स्फिअरचा मापदंड लावतो, माणशी रोज किमान १५ लिटर, पिणं, स्वयंपाक, अंग धुणं सगळं त्यात आलं (मदत करणाऱ्या संस्था आणि रेडक्रॉसवाले मिळून १९९७ पासून हे ठरवत आलेत, शेवटची मोठी सुधारणा २०१८ ची). तर लागणार १८,००० लिटर. टँकर १०,००० चा, दिवसाला दोन खेपा, झाले २०,०००. दोन हजार वरच! तक्त्यातला पाण्याचा चौकोन हिरवा केला, म्हणजे पुरेसं आहे, आणि ताडपत्र्यांच्या कॉलमकडं वळलो, कारण खरी बोंब तिथं होती असं माझं मत.

पण छावणीत सकाळपासून एकच ओरड, पाणी पुरत नाही. वरून फोन आला, तिसरी खेप मागवू का, तक्ता तर हिरवा दाखवतोय. मी ठामपणे म्हणालो, सर आकडे बरोबर आहेत, लोक घाबरून जास्त मागतायत. हे वाक्य आठवलं की आजही कसंतरी होतं.

दुपारी टाकीपाशी टँकरचा ड्रायव्हर माझ्यावरच तापला. "साहेब, सकाळची टाकी अजून निम्मीपण संपली नाही, हे मी ओतू कुठं? तासभर झाला उभा आहे." मी वर चढून टाकीत डोकावलो तर खरंच पाणी होतं, आणि खाली नळाला बायकांची ही लांब रांग. टाकीत पाणी आणि रांगेत तहान, मला दोन मिनिटं काही सुचेना.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. घड्याळ घेतलं, १० लिटरची बादली घेतली आणि एकेका नळाखाली धरली. चार नळ होते. टाकीजवळचे दोन बरे, बादली सव्वा-दीड मिनिटात भरत होती, म्हणजे मिनिटाला साडेसातच्या आसपास. लांबच्या दोन नळांना बादलीमागं तीन मिनिटांच्या वर, कारण टाकी जेमतेम कंबरेएवढ्या उंचीवर ठेवलेली आणि पाइपात गाळ. मापदंड म्हणतो एका नळावर २५० माणसं, तेही तो नळ मिनिटाला साडेसात लिटर देत असेल तर. आमच्याकडं माणसं नळामागं ३००, नळ त्यातले निम्मे आजारी, आणि वर कुणीतरी शिस्त म्हणून पाणी सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास असं ठरवलेलं. चारही नळ मिळून मिनिटाला २१ लिटर, सहा तास धरले तर साडेसात हजार. माणशी सहा लिटर आणि वर थोडं. २०,००० नव्हे!

तरी हा अंदाजच, म्हणून संध्याकाळी वहिनी म्हणून सगळे हाक मारतात त्या स्वयंसेविकेला घेऊन तंबूंत फिरलो. दर आठवा तंबू, एकूण ३० घरं. मी विचारत होतो "तुम्हाला पाणी किती लिटर मिळालं", लोक नुसते बघत राहायचे. वहिनी म्हणाल्या, असं नका विचारू दादा, काल कशात भरलं ते दाखवा म्हणा. तेव्हा कुठं खरं बाहेर आलं. कुणी कळशी दाखवली, कुणी तेलाचा रिकामा डबा, एका घरात एक पातेलं, त्यातच पाणी आणायचं आणि त्यातच भात शिजवायचा, म्हणजे भात चुलीवर असला की पाणी आणायला भांडंच नाही. ३० पैकी ११ घरांत पाणी साठवायला काहीच नव्हतं, पुरात सगळं गेलेलं. सरासरी सहाच निघाली, पण टाकीजवळची घरं माणशी १० च्या वर आणि पलीकडच्या टोकाची तीनसुद्धा नाही, सरासरीत ते दिसतच नव्हतं.

घरामागं १० ते २० लिटरची दोन भांडी लागतात, एक आणायला एक साठवायला, हे मला पाठ होतं. ४८० हवी होती. तक्त्यात बादल्या ३०० "उपलब्ध" होत्या. रात्री गोदामवाल्याला फोन लावला तर हातात ७०, बाकीच्या एका संस्थेनं कबूल केलेल्या, अजून निघालेल्याच नव्हत्या. कबूल केलेलं उपलब्धमध्ये कुणी टाकलं? मीच, घाईत, पहिल्या रात्री.

तिसरी खेप मागवलीच नाही. कॉलमचे तीन केले, हातात, वाटेत आणि नुसतं कबूल, आणि वजाबाकी फक्त पहिल्यावर. टाकीखाली दगडांचा ओटा रचून ती उचलली, पाइप साफ केले, दोन नळ वाढवले, वेळेचं बंधन काढलं. ७० बादल्या आधी ज्यांच्याकडं काहीच नाही त्यांना दिल्या, त्यावरून जवळच्या तंबूवाल्यांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तीन दिवसांनी परत तीच ३० घरं, तोच प्रश्न, कशात भरलं ते दाखवा. माणशी १२ लिटर आलं, १५ ला अजून कमीच, म्हणून पाण्याचा चौकोन पिवळा केला. वरून विचारणा झाली की टँकर तर तेवढेच, आधी हिरवं होतं ते आता पिवळं कसं काय. मी बादल्यांचा कॉलम पाठवून दिला.