करेक्शनचा स्क्रीन

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मी ईआरपी (सगळ्या कारखान्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवण्याचं काम करत होतो, तेव्हाची ही गोष्ट. हाउसिंग, ब्रॅकेट, बेअरिंग कॅप अशी वाहन उद्योगाला लागणारी कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तिथं होतात. उलाढाल वीस कोटींच्या वरची, त्यामुळे १ एप्रिल २०२२ पासून त्यांना ई-इन्व्हॉइस लागू झालं होतं आणि त्या निमित्तानंच सॉफ्टवेअर आलं. बिलिंगचा भाग बघता बघता रुळावर आला. सरकारी पोर्टलवरून मिळणारा बिलाचा नंबर (आयआरएन) आणि क्यूआर कोड नसेल तर बिल धरलंच जात नाही, मग गाडी गेटबाहेर कशी काढणार? कुणाला समजावत बसायची वेळच आली नाही.

खरं काम होतं शॉपफ्लोअरवर. मालकांना रोजचं उत्पादन आणि रिजेक्शन, म्हणजे बाद झालेला माल, स्क्रीनवर बघायचं होतं. आधी सुपरवायझर लॉगबुकात लिहायचा, सकाळी ऑफिसातला क्लार्क ते एक्सेलमध्ये चढवायचा आणि प्लँट मॅनेजर तो आकडा मीटिंगमध्ये सांगायचे. महिनोन् महिने रिजेक्शन चार टक्के. साडेतीन नाही की पाच नाही. फौंड्रीत राहिलेल्या कुणालाही इतका शहाणा आकडा खटकेल. वाळू, ओलावा, धातूचं तापमान, लॅडल ओतणाऱ्याचा हात, यातलं रोज काही ना काही इकडंतिकडं होतंच.

फौंड्रीत रिजेक्शन लपवणं फार सोपं असतं, कारण खराब माल कुठं जात नाही. नॉकआउटला, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात तिथं, मोल्ड (वाळूचा साचा) फुटला, कास्टिंगला ब्लोहोल (वायूनं पडलेलं भोक) दिसलं, की ते बाजूच्या ढिगात फेकायचं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भट्टीत. ‘वितळवून परत वापरतोच की’ हे वाक्य मी तिथं किती जणांच्या तोंडून ऐकलं! पण एक टन लोखंड वितळवायला इंडक्शन फर्नेस साधारण ५५० ते ६५० युनिट वीज खाते. शिवाय कोअर (आतल्या पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) गेला, वाळू धरून ठेवणारा बाइंडर गेला, मोल्डरची मेहनत गेली आणि गिऱ्हाइकाची तारीख गेली ती वेगळीच. नॉकआउटला फेकलेला माल मोजलाच जात नव्हता. फेटलिंगनंतरच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ केल्यानंतरच्या, तपासणीत जे सापडायचं तेवढंच कागदावर येई.

आम्ही नॉकआउटजवळ एक टॅब्लेट लावला. कास्टिंगवर हीट कोड, म्हणजे धातू भट्टीच्या कुठल्या खेपेतला (हीटमधला) ते सांगणारा कोड, उठलेला असतोच. तो टाकायचा, दोषाचं बटण दाबायचं, नग टाकायचे. रात्रपाळीला एक जुने सुपरवायझर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. चष्मा कपाळावर सरकवून, हातमोजा काखेत धरून ते एका बोटानं एंट्री करायचे आणि प्रत्येक एंट्रीनंतर स्क्रीन बाहीनं पुसायचे. एकदा मला म्हणाले, “हे खोटं बोलू देत न्हाई, एवढं बरं हाय. पण खरं बोललं तर पगारात बसतंय, त्याचं काय?”

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. रिजेक्शन पाच टक्क्यांच्या आत राहिलं तर त्या शिफ्टच्या सुपरवायझरला इन्सेंटिव्ह मिळायचा. म्हणजे खरी एंट्री केली की त्याच्याच घरातले पैसे कमी. अशा जागी ‘कामगार बदलाला विरोध करतात’ असं म्हणणाऱ्या सल्लागारांचा मला राग येतो. विरोध कुठला? माणूस सरळ हिशेब करतोय.

दुसरी अडचण मालकांचीच होती. रोज सकाळी साडेसहाला ते रात्रपाळीला फोन करून “किती झालं?” विचारायचे. वर्षानुवर्षांची सवय, आणि त्यात कामाची आपुलकीही होती. पण फोनवर आकडा सांगून झाला की एंट्री कोण करणार? मी त्यांना स्पष्ट सांगितलं, “साहेब, तुमचा फोन चालू असेपर्यंत हा टॅब्लेट भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा लटकत राहील.” त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद केला. साठी उलटलेल्या माणसानं हे करणं मला तेव्हाच मोठं वाटलं होतं.

एंट्र्या नीट व्हायला लागल्यावर आकडा वर चढला. सहा, आठ, नऊ. प्लँट मॅनेजर अस्वस्थ झाले. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, “आम्हाला एक करेक्शनचा स्क्रीन द्या. रात्रीच्या एंट्र्या मीटिंगच्या आधी तपासून दुरुस्त करता आल्या पाहिजेत.” दिसायला मागणी साधीच. चुका होतात, दुरुस्ती लागतेच. पण त्या स्क्रीनचा उपयोग कशाला होणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग सक्तीचा आहे. कुणी, कधी, काय बदललं ते पुसता येत नाही. नॉकआउटच्या ढिगाला असा कुठलाही कायदा नाही. तिथं मालक म्हणेल तो कायदा. म्हणून मी म्हटलं, हे साहेबांना विचारूनच करू.

ते विचारण्याआधीच तो दिवस उजाडला.

सकाळची मीटिंग नऊला. टीव्हीवर रात्रपाळीचा आकडा आला आणि खोलीत शांतता पसरली. एका हाउसिंगचे ४१२ नग ओतलेले, त्यातले ६३ बाद. पंधरा टक्क्यांच्याही वर. मॅनेजर लगेच म्हणाले, “एंट्री चुकली असणार साहेब. सहा किंवा तेराच्या जागी त्रेसष्ट पडलं असेल.” अण्णांची ड्यूटी संपली होती, पण ते घरी गेले नव्हते. त्यांना आत बोलावलं. डबा हातातच, चेहरा उतरलेला. ही नोकरीवरची शेवटची सकाळ असं त्यांना वाटत होतं, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

मालकांनी विचारलं, “अण्णा, त्रेसष्ट बरोबर हाय?”

“व्हय मालक. माझ्या हातानं मोजल्यात.”

मालक उठले आणि थेट नॉकआउटच्या ढिगाकडं चालायला लागले. आम्ही सगळे मागं. ढीग अजून कोमट होता. त्यांनी हातमोजे मागून घेतले आणि एकेक नग उलटा करून बघू लागले. वरच्या बाजूला बोराच्या बीएवढी भोकं, आतून गुळगुळीत. ब्लोहोल. वायू बाहेर पडायला वाट मिळाली नव्हती. दहाबारा नग बघितल्यावर त्यांनी मला विचारलं, “यातलं रात्री एकच्या आधीचं किती?”

मी तिथंच मोबाइलवर हीटप्रमाणे यादी लावली. एकच्या आधीचे चार. बाकीचे सगळे त्यानंतरच्या हीटमधले. लॉगबुकाच्या काळात हा प्रश्न विचारताच आला नसता, कारण उत्तर कुणाजवळच नव्हतं.

“एकनंतर काय बदललं?” मालकांनी अण्णांना विचारलं.

अण्णा क्षणभर मॅनेजरांकडं बघत राहिले. मग म्हणाले, “वाळू तापती मालक. सलग मोल्डिंग चाललं की मोल्ड फोडून परत आल्याली रिटर्न सँड गार व्हायला येळच मिळत न्हाई. मिक्सरमधी पाणी घातलं की उडून जातंय, मग पोरगं आणि घालतंय. कधी कोरडी, कधी वली.” ग्रीन सँडमध्ये, म्हणजे मोल्डच्या ओलसर वाळूत, ओलावा साधारण तीन ते चार टक्क्यांत धरून ठेवावा लागतो. गरम वाळूत तो हातात राहत नाही. मोल्डमध्ये पाणी जास्त झालं की धातू ओतताना त्याची वाफ होते आणि कास्टिंगमध्ये शिरते.

“मग सांगितलं का नाही?”

“सँड कूलरची चिठ्ठी दिली होती. दोन येळा.”

मालकांनी मॅनेजरांना काही विचारलं नाही. ते म्हणाले, “ती चिठ्ठी माझ्याकडं आली होती. खर्च बघून मीच बाजूला ठेवली.” भट्टीवरची, मोल्डिंगची, फेटलिंगची पोरं भोवती गोळा झालेली, त्या सगळ्यांसमोर.

तिथंच ढिगाजवळ उभ्या उभ्या त्यांनी निर्णय दिले. रिजेक्शनवरचा इन्सेंटिव्ह सहा महिने थांबवायचा आणि प्रत्येक सुपरवायझरला मागच्या वर्षीच्या सरासरीइतकी रक्कम सरळ द्यायची. सँड कूलरचे कोटेशन त्याच आठवड्यात मागवायचे. तोवर रात्री एकला मोल्डिंग थांबवून वाळू फिरवायची, उत्पादन कमी झालं तरी चालेल. मी संधी साधून करेक्शनच्या स्क्रीनचं विचारलं. “दुरुस्ती करू द्या,” ते म्हणाले, “पण जुना आकडा शेजारी दिसला पाहिजे, आणि कुणी बदलला त्याचं नावही.”

मॅनेजरांबद्दल एक सांगितलं पाहिजे. ते वाईट गृहस्थ नव्हते. मालकांच्या वडिलांच्या काळापासून वाईट आकडा आणणाऱ्यालाच बोलणी बसायची. आकडा गुळगुळीत करून पुढं देणं हाच त्यांच्या दृष्टीनं खालच्या माणसांचा बचाव होता. त्या दिवसानंतर तेच रोज सकाळी हीटप्रमाणे यादी काढून मीटिंगला यायला लागले, आणि वाळूचं तापमान सिस्टिममध्ये घ्यायची सूचनाही त्यांचीच. वरून हवा बदलली की मधला माणूस किती पटकन बदलतो, हे मी तिथं डोळ्यांनी बघितलं. हेच मॅनेजर दोन ट्रेनिंगमध्ये मागच्या बाकावर गप्प बसून होते.

सँड कूलर बसेपर्यंत पावसाळा आला. रिजेक्शन पुन्हा चारवर काही आलं नाही. ते खरं तर कधी चारवर नव्हतंच. पण ब्लोहोलचा आकडा निम्म्याच्या खाली आला आणि राहिलेल्यात कोअरचे दोष उठून दिसायला लागले, म्हणून पुढचा टॅब्लेट कोअर शॉपला लावला.

माझं काम संपत आलं तेव्हा मालकांनी आणखी एक स्क्रीन मागितला. कारखान्यातल्या कुणीही दिलेली खरेदीची किंवा दुरुस्तीची मागणी माझ्या टेबलावर किती दिवस पडून आहे, ते सकाळच्या टीव्हीवर रिजेक्शनच्या खालीच दिसलं पाहिजे, असं म्हणाले. पंधरा दिवसांवर गेली की लाल. तो बसवला त्या सकाळी लाल ओळी बऱ्याच होत्या. सगळ्यात वरची फेटलिंगच्या धूळ ओढणाऱ्या पंख्याची. मीटिंग संपायच्या आत तिला मंजुरी मिळाली.