टॉवेल हलके, बिल जड

बंगळुरूच्या ताईने मुलींसाठी पीजी सुरू केलं आणि माहेर सोलापूरचं असल्याचा हक्क बजावत चादरी-टॉवेलची यादी मला धाडली. चाटी गल्लीतली खरेदी मजेत झाली. खरी कसरत होती ती माल पाठवण्याची.

टॉवेलचा खोका घरच्या काट्यावर १४ किलो भरला. कुरिअरच्या काउंटरवरच्या पोराने काट्याआधी टेप काढली. ६० बाय ५० बाय ५० सेंटिमीटर. गुणाकार दीड लाख, भागिले ५०००, म्हणजे ३० किलो! "काकू, निम्मी हवाच पाठवालाव की ओ," म्हणाला. काट्यावरचं वजन आणि हे मापाचं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. वर माप घेतात ते फुगवट्यासकट. झाकण फुगून उंची ५५ झाली असती तर तोच खोका ३३ किलोंचा. त्याने सांगितलेला आकडा ऐकून खोका रिक्षात घालून घरी आणला.

चादरींचा असा त्रास नाही. वीण घट्ट, घडी दाबून बसते, त्यामुळे काट्यावरचंच वजन लागू होतं. टेरी टॉवेल म्हणजे नुसते फासे आणि त्यांत हवा. व्हॅक्यूमच्या पिशव्यांचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला, पण वाटेत बारीक भोक पडलं की गठ्ठा पुन्हा फुगणार. माझा त्यांवर भरवसा नाही. शेवटी दुकानातल्या पॅकिंगवाल्या मामांनाच गाठलं. त्यांनी खोका बाजूला टाकला, टॉवेल सपाट घड्यांत रचले, वर गुडघा रोवून दोरी आवळली, आत प्लॅस्टिक आणि बाहेर पोत्याचं कापड घालून दाभणाने शिवून टाकलं. माप आलं ५५ बाय ४५ बाय ३०. कुरिअरच्या हिशोबाने जेमतेम १५ किलो. माल तोच, वजन निम्मं! मामांना चहा पाजला, शिलाईचे पैसे वेगळे.

आता घाई नव्हतीच, म्हणून ट्रान्सपोर्टकडे वळले. तिथे किलोचा दर कुरिअरपेक्षा बराच कमी, पण माप घनफुटात. एका ठिकाणी घनफुटाला १० किलो धरत होते. त्या हिशोबाने माझा पहिला खोका ५३ किलोंचा ठरला असता आणि आवळलेला गठ्ठासुद्धा २६ किलोंचा. दुसऱ्याकडे घनफुटाला ६ किलो, म्हणजे साधारण १६. दोघांचा किलोचा दर जवळपास सारखाच, त्यामुळे नुसता दर विचारून निघाले असते तर फरक कळलाच नसता. शिवाय बिल्टीचे, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीचे, पैसे, हमाली, डिझेलचा अधिभार आणि प्रत्येक बिल्टीला किमान वजन. म्हणून टॉवेल आणि चादरी दोन गठ्ठ्यांत असल्या तरी एकाच बिल्टीवर घातल्या.

रेल्वेचाही विचार केला होता. उद्यान एक्सप्रेस सोलापूरवरूनच बंगळुरूला जाते. पण तिकडे ताईला स्टेशनवर जाऊन माल सोडवावा लागला असता, आणि उशीर झाला तर जागेचं भाडं चढतं. ती म्हणाली, "मुलींचा स्वयंपाक सोडून मी पार्सल ऑफिसला बसू का गं?" विषय संपला.

घरपोचचे पैसे मात्र वाचवले. ट्रान्सपोर्टचं गोडाऊन ताईच्या भाजीवाल्या टेम्पोच्या रोजच्या वाटेवर निघालं, म्हणून गोडाऊन डिलिव्हरी घेतली. भाडं इथेच भरून 'पेड' करून घेतलं. 'टू-पे'मध्ये भाडं माल घेणाऱ्याने भरायचं; तिकडे कोणी जास्तीचे मागितले तर ताई भांडणार कशी, तिला कन्नड अजून धड येत नाही. बिल्टीवर नग दोन, वजन आणि गोडाऊन डिलिव्हरी नीट लिहिलंय का ते बघून फोटो तिला पाठवला. शिलाई, टेम्पो सगळं धरूनही दोन्ही गठ्ठ्यांचा मिळून खर्च कुरिअरवाल्याने एकट्या टॉवेलच्या खोक्याचा सांगितला होता त्यापेक्षा कमी आला.