सलून उघडं असतं तर...

जानेवारीतली गोष्ट आहे. सातारा भागात माझं छोटं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. सकाळी ९ ला शटर उघडायला गेले तर पायरीवर एक मुलगी आणि तिचे वडील आधीच येऊन बसलेले. मुलगी १९-२० वर्षांची, अंगात ट्रॅकपँट, डोकं उजव्या खांद्याकडे कललेलं. मी "ये गं आत" म्हटलं तर मान न वळवता अख्खी कमरेतून वळली, तेव्हाच निम्मं कळलं मला.

पोलीस भरतीची तयारी चालू होती तिची. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा, सगळे मिळून ५० मार्क, त्यातले १५ गोळ्याचे, आणि ग्राउंड १२ दिवसांवर आलेलं. त्या दिवशी पहाटेची एसटी चुकली, पोचेपर्यंत बाकीच्या पोरींचे राउंड, स्ट्रेचिंग सगळं उरकून गोळ्याची लाइन लागलेली. हिने स्वेटर काढला आणि थेट लाइनीत उभी राहिली. दोन थ्रो नीट गेले, तिसरा पूर्ण ताकदीने मारला आणि "मानेत कट्ट झालं मॅडम, पाच मिनिटांत मानच हलंना."

गोळा जबड्याखाली मानेच्या खोबणीत दाबून धरतात आणि मग कमरेपासून झटक्यात फिरतात. मानेच्या वरच्या मणक्यांपासून खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत एक पट्टीसारखा स्नायू जातो, तो थंडीत आधीच आखडलेला असतो आणि त्याच्यावरच हा सगळा ताण येतो. बोट ठेवलं तर तिथं सुपारीएवढी कडक गाठ लागली, ती कळवळलीच.

मग वडील म्हणाले, "आजी म्हणत होती उसण भरलीय, पायाळू माणसाची लाथ मारून घ्या. पण मी सलूनात न्यायला निघालो होतो ताई, तो मान मोडून देतो ना. दुकान उघडलं नव्हतं म्हणून हिकडं आलो."

माझ्या अंगावर काटा आला खरंच. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात, बाहेरून झटका दिला तर त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं आणि त्यातून स्ट्रोक येऊ शकतो. क्वचित होतं, पण होतं, आणि ही पोरगी विशीतली. मी वडिलांना मणक्याचं मॉडेल हातात देऊन ती भोकं दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले.

मग तपासलं. हाताला मुंग्या, बधिरपणा, चक्कर, डबल दिसणं, ताप, जोरात डोकेदुखी, काहीच नव्हतं, पकड दोन्ही हातांची सारखी, रिफ्लेक्स ठीक. यातलं एक जरी असतं तर मी हात न लावता हॉस्पिटलला पाठवलं असतं. वडील म्हणत होते "एमआरआय काढू का, पैशाचं बघतो मी." त्यांना नको म्हणून सांगताना मला फार बरं वाटलं.

टॉवेलात गुंडाळून १५ मिनिटं शेक दिला. मग तिला म्हटलं, आधी फक्त डोळे डावीकडे ने, मान मागून येईल तेवढीच येऊ दे. मग कानशिलावर माझा तळवा ठेवून हलकं ढकलायला लावलं, ५ सेकंद दाब, मग सोड, असं ५-६ वेळा. डाव्या भिंतीवर कॅलेंडर आहे, सुरुवातीला तिला त्याची कडासुद्धा दिसत नव्हती. पाऊण तासाने ती हळूच म्हणाली, "मॅडम, आजची तारीख दिसली." आणि रडायला लागली. "ग्राउंड जाईल का माझं?"

मी वचन नाही दिलं, कसं देणार? बहुतेकांची मान आठवडाभरात सुटते एवढं सांगितलं. पट्टा घालून पडून राहायचं नाही, दुखणार नाही इतपत मान दिवसभर हलवत राहायची, गोळ्याला आठवडाभर हात लावायचा नाही. आणि वॉर्मअप. मला खरा राग याचाच येतो, पोरं पाय मोकळे करतात, मान-खांद्यांना कुणी विचारत नाही, शिकवणारेसुद्धा उशिरा आलेल्या पोरीला तशीच लाइनीत उभी करतात. घाम येईपर्यंत १० मिनिटं जॉगिंग, खांदे फिरवणं, हात गोल फिरवणं, कमरेतून वळणं, मान सावकाश दोन्हीकडे, मग जागेवरून दोन-तीन निम्म्या ताकदीचे थ्रो आणि त्यानंतरच पूर्ण. उशीर झाला तर थ्रो कमी मारायचे, हे सोडायचं नाही.

आठव्या दिवशी क्लिनिकमागच्या मोकळ्या प्लॉटवर ती पिशवीतून गोळा घेऊन आली. आधी १५ मिनिटं सगळं केलं, मी बघत उभी. पहिला थ्रो निम्म्या ताकदीने मारला, मानेला हात लावून बघितलं, डावीकडे वळली, उजवीकडे वळली. "काहीच नाही मॅडम!" तिसऱ्यानंतर मी थांबवलं. वडिलांनी गोळ्याची माती रुमालाने पुसली आणि पिशवीत ठेवला.