फणा उतरवला

पार्सलमधून तीनच गोष्टी निघाल्या. साडेनऊ सेंटिमीटर उंचीचा एक सोनेरी माणूस, त्याची हिरवी केप आणि वहीच्या कागदावर लिहिलेली एक ओळ: ‘याचा मला लहानपणापासून राग आहे, याला खरा खलनायक करून द्या.’

पुण्यात माझं छोटं काम आहे. लोकांच्या ॲक्शन फिगर, म्हणजे हातपाय हलवता येणारी खेळण्यातली माणसं, दुरुस्त करतो आणि मागणी आली तर त्यांचं रूपही बदलून देतो. तुटलेले अंगठे, सैल झालेले खांदे, उडालेला रंग हे रोजचंच. पण मूळ शिकवण पेणची. आमच्या घरी गणपतीचा कारखाना. लहानपणी शाडू मळला, साच्यातून काढलेल्या मूर्तींचे जोड पाण्याच्या बोटाने पुसले, सोंडेवर पॉलिश पेपर फिरवला. डोळ्यांची आखणी मात्र माझ्याकडे कधीच आली नाही. ती दादाकडे होती आणि आजही त्याच्याकडेच आहे.

सोनेरी माणूस म्हणजे ‘जी. आय. जो’मधला सर्पेंटॉर. हॅस्ब्रो कंपनीने 1982 मध्ये पावणेचार इंची सैनिकांची मालिका काढली, त्यात 1986 साली हा आला, सोबत उडता रथ घेऊन. त्याची कथा अशी. कोब्रा या दुष्ट संघटनेचा शास्त्रज्ञ डॉ. माइंडबेंडर इतिहासातल्या जगज्जेत्यांच्या अवशेषांतून डीएनए गोळा करतो. सीझर, नेपोलियन, अटिला, चंगीझ खान अशा सगळ्यांचं मिश्रण करून तो एक माणूस तयार करतो, आणि हा तयार केलेला माणूस थेट सम्राट होतो. आधीचा म्होरक्या कोब्रा कमांडर बाजूला पडतो.

फोनवर त्या गृहस्थांनी रागाचं कारण सांगितलं. ते डोंबिवलीत वाढलेले. वडील जहाजावर नोकरीला, त्यांनी हा सर्पेंटॉर बाहेरून आणला होता. त्याच सुमारास, म्हणजे 1987 साली, आपल्याकडे एमआरएफ आणि हॅस्ब्रोने मिळून फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी सुरू केली होती आणि गोव्यातल्या कारखान्यात घडलेले ‘जो’ इथल्या दुकानांत दिसू लागले होते. चाळीतल्या प्रत्येक पोराकडे दोन-तीन तरी असायचे. ‘पण कमांडर माझा जीव की प्राण होता,’ ते म्हणाले. ‘त्याच्या तोंडावर आरसा. चेहराच दिसायचा नाही, म्हणून भीती वाटायची. आणि हा बघा. सगळा चेहरा उघडा, अंगभर सोनं, डोक्यावर फणा. खेळताना मी याला नेहमी पहिल्यांदा मारायचो. पुढे मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर ‘जो’चं मार्व्हलने काढलेलं कॉमिक मिळालं, त्यात कोब्राचाच एक माणूस, झार्टान, याच्या डोळ्यात बाण मारतो. मला केवढा आनंद झाला होता!’

तो 1988 सालचा 76 वा अंक. लेखक लॅरी हामा. माझ्या माहितीत त्या मालिकेतलं इतकं मोठं पात्र इतक्या तडकाफडकी क्वचितच संपलं असेल.

मूर्ती टेबलावर उभी करून मी दोन दिवस नुसती बघत राहिलो. त्या गृहस्थांना जे बोचत होतं, ते मला पेणच्या डोळ्यांनी लगेच कळलं. आपल्याकडे डोक्यावर फणा कोणाच्या असतो? शेषशायी विष्णूच्या. पार्श्वनाथांच्या. शंकराच्या पिंडीवर पितळी नाग फणा काढून बसलेला असतो. आपल्या मूर्तिकामात डोक्यावरचा फणा म्हणजे छत्र, राखण. ज्याच्या माथ्यावर तो असतो त्याला बघून हात जोडले जातात. त्यात अंग सोनेरी. म्हणजे डोंबिवलीतल्या दहा वर्षांच्या पोराच्या हातात कंपनीने खलनायक म्हणून दिला होता तो त्याच्या डोळ्यांना देखाव्यातला देव दिसत होता. त्याला भीती वाटणार कशी? मुलाने राग धरला तो बरोबरच होता, फक्त त्याला कारण सांगता येत नव्हतं.

मात्र एका गोष्टीवर आमचं जुळेना. ते म्हणत होते, हाच कापा. मी नाही म्हणालो. वडिलांनी आणलेली वस्तू, तीही 1986 ची, कुणीतरी हाताने कोरलेल्या नमुन्यावरून निघालेली. एकदा कटर लावला की परत फिरता येत नाही. शेवटी त्यांनी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून दुसरा मागवला. त्याचा अंगठा तुटलेला, सोनं विटलेलं. त्यावर काम करायला माझी हरकत नव्हती.

या जुन्या ‘जो’ची रचना मला फार आवडते. पाठीत एकच स्क्रू. तो काढला की छातीचे दोन भाग सुटतात, डोकं आणि हात मोकळे होतात. आत काळ्या रबराची एक ओ-रिंग असते. कमरेखालचा भाग धातूच्या आकड्याने तिला अडकवलेला असतो, आणि तिच्या ताणावर सगळा माणूस उभा राहतो. रबर म्हातारं झालं की माणूस कमरेत तुटतो. 

डोक्याचा सिलिकॉनमध्ये साचा घेतला आणि रेझिनमध्ये चार प्रती ओतल्या, म्हणजे चुकायला जागा राहिली. फणा माथ्यावरून उतरवला आणि एपॉक्सी पुटीत नव्याने घडवून खांद्यांवर, मानेमागे लोळवला. अर्धवट टाकलेली कात पडावी तसा. तिथून पुढचं सगळं मला कातीनेच सुचवलं. हा माणूस दुसऱ्यांच्या अवशेषांतून जोडलेला आहे, तर त्याचं चिलखत सोन्याचं कशाला? ते मेलेल्या विजेत्यांच्या कातींचं असायला हवं, एकावर एक चढवलेल्या. 

पण कातीचा पोत एवढ्या लहान अंगावर आणायचा कसा? कोरणीने ओढलेल्या रेषा खोट्या दिसत होत्या. संध्याकाळी स्वयंपाकघरात लसूण सोलत होतो आणि बोटाला पातळ साल चिकटली. तिच्यावरच्या शिरा, सुरकुत्या, कडेची फाटलेली झालर! ओल्या पुटीवर ती साल दाबली आणि हलकेच उचलली. छाप बघून मी एकटाच मोठ्याने हसलो. दोन गड्डे लसूण त्या छातीवर खर्ची पडला.

थर जाड होऊन चालत नव्हतं, कारण काखेत आणि मांडीच्या सांध्यात रंग घासून निघतो. तिथे आतून तासून जागा केली. रंग काळपट तपकिरीवर पातळ राखी-पिवळ्याचे हात देत चढवला. सोनं फक्त भेगांच्या तळाशी ठेवलं, जुन्या समईच्या खोबणीत उरतं तेवढं.

राहिला चेहरा, आणि इथे मी तीन डोकी फुकट घालवली. पहिल्याला रागीट भुवया दिल्या, तो कुस्तीगीर दिसायला लागला. दुसऱ्याला छद्मी हसू दिलं, तो सिनेमातला शेठजी झाला. तिसरा बरा होता, पण डोळे काढले आणि बिघडला. दोन्ही डोळे इतके सुंदर, इतके समान उतरले की चेहऱ्यावर दया दिसू लागली. हाताला लहानपणापासून देवच बघायची सवय.

अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. पेणचा कारखाना रिकामा झाल्यावर दादा दरवर्षी दोन दिवस माझ्याकडे येतो. त्या रविवारी तो सकाळी आला आणि संध्याकाळी पाच वाजता ते गृहस्थ न्यायला येणार होते. चौथं डोकं बिनडोळ्यांचं उभं होतं. मी आधी धड जोडून घेऊ म्हणून स्क्रू आवळला, कमरेत वाकवून बघितलं, आणि आत टक् असा आवाज आला. पाय टेबलावर पडले. ओ-रिंग तुटली होती. चाळीस वर्षांच्या आसपासचं रबर मी बदललं नाही, ही सरळ माझी चूक. रविवार, हार्डवेअरची दुकानं बंद. मूळ सर्पेंटॉरमधली रिंग काढायचा विचार क्षणभर मनात आला, आणि मलाच त्याची लाज वाटली.

दादाने न बोलता आपली पिशवी उघडली. त्याच्या स्प्रे गनच्या सुट्या भागांची डबी सोबत असतेच. त्यातल्या पाच-सहा रिंगा त्याने टेबलावर मांडल्या. एक जेमतेम बसली. थोडी जाड होती, म्हणून कमरेत ताण जास्त आला आणि माणूस पूर्वीपेक्षा ताठ उभा राहिला. आखडलेला, जिवंत माणूस उभा राहत नाही तसा. मी तो ताण कमी करायला गेलो तर दादा म्हणाला, ‘राहू दे. असाच बरोबर आहे.’

मग त्याने भिंग लावलं आणि डोकं हातात घेतलं. एक सेंटिमीटरचं डोकं, त्यात मिलिमीटरभर डोळे. हंगामात शेकडो गणपतींचे डोळे उघडणारा हात.

‘हा कोण?’ त्याने विचारलं.

मी गोष्ट सांगितली. थडगी, सीझर, चंगीझ खान, सगळं. डोळ्यातल्या बाणापर्यंत. तो ऐकत होता आणि कुंचल्याचं टोक ओठांत ओलं करून निमुळतं करत होता. मी कितीदा सांगितलं तरी ही सवय तो सोडत नाही.

‘म्हणजे याला आई नाही,’ तो म्हणाला.

‘नाही.’

‘जन्म नाही. जोडलाय.’

‘हो.’

‘मग तेज नाही द्यायचं.’

आखणी जवळून न पाहिलेल्यांसाठी सांगतो. आधी पापणीची वरची रेघ, मग बुबुळ, मग बाहुली, आणि शेवटी बाहुलीवर वरच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. आमच्याकडे त्याला तेज म्हणतात. तो पडला की मूर्ती बघायला लागते. कारखान्यात त्या क्षणी माणसं आपसूक बोलायची थांबतात. 

दादाने रेघ काढली, एका श्वासात. बुबुळ काढलं, बाहुली काढली. दुसरा डोळा. तेवढंच. कुंचला खाली ठेवला. मी सवयीने चकचकीत वॉर्निश उचललं. डोळे ओलसर दिसावेत म्हणून शेवटी मी ते लावतोच. दादाने माझं मनगट धरलं. ‘तेही नको.’

पाच वाजता ते गृहस्थ आले. दादाला त्यांनी वाकून नमस्कार केला, पेणचे म्हटल्यावर गणपतीच्या गप्पा झाल्या, चहा झाला. फिगर फडक्याखाली होती. फडकं मी काढलं आणि ते बोलायचे थांबले.

त्यांनी ती उचलली. आधी पाठ पाहिली, खांद्यावरून लोंबणारा फणा बोटाने चाचपला. छातीवरचे थर नखाने मोजल्यासारखे बघितले. लसणाचं मी सांगितलं तेव्हा हसले. मग फिगर डोळ्यांसमोर धरली आणि हळूहळू फिरवू लागले. डावीकडे, उजवीकडे, थोडी वर, थोडी खाली. पुन्हा डावीकडे. मला वाटलं काही चुकलं.

‘हा माझ्याकडे बघत नाहीये,’ ते म्हणाले. ‘कुठूनही धरला तरी.’

‘त्याला तुम्ही दिसतच नाही,’ दादा म्हणाला.

खोलीत कुणीच काही बोललं नाही. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली एक फिगर काढली. कोब्रा कमांडर, मुखवट्याचा आरसा चरे पडून अंधुक झालेला, एका हाताचा अंगठा गेलेला. तो त्यांनी टेबलावर सर्पेंटॉरच्या समोर उभा केला. जरा वेळ दोघांकडे बघत राहिले. मग एका बोटाने कमांडरला अर्धी वीत मागे सरकवलं.